आउटबोर्ड इंजिन तापतंय, पाण्याची धार बसली: आधी काय बघायचं, नंतर काय, आणि कुठे थांबायचं

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन. आधी लक्षणं. यातलं एक जरी दिसलं तरी पुढचं वाचा.

इंजिनाच्या मागच्या बाजूने पाण्याची जी बारीक धार सतत पडत असते ती मंद झाली, तुटक यायला लागली किंवा बंद पडली. धार जोरात आहे, पण हात धरला तर चटका बसतो. धारेच्या जागी नुसती वाफ आणि चार थेंब. बजर वाजतोय आणि कितीही रेस दिली तरी इंजिन वेग घेत नाही. कव्हर उघडलं की रंग भाजल्यासारखा वास येतो, हेडवरचा (सिलिंडरच्या वरच्या झाकणाचा) रंग तपकिरी पडलाय किंवा त्याला फोड आलेत. बोट दहा मिनिटं नीट चालते, मग इंजिन दमल्यासारखं होतं, थंड झालं की पुन्हा चालतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे इंजिन बंद केल्यावर दोरी ओढताना ती जड लागते.

मी मूळचा शेतीपंप दुरुस्त करणारा माणूस. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करणाऱ्यांची इंजिनं हातात यायला लागली, मग दारणा, मुकणे धरणांकडची आली, पुराच्या दिवसांत मदतीला उतरणाऱ्या बोटींचीही आली. नऊ-दहा हॉर्सपॉवरपासून चाळीसपर्यंत, टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक दोन्ही. तक्रार मात्र दरवर्षी तीच, आणि बहुतेक वेळा पाऊस उतरल्यावर, भाद्रपद-अश्विनात. धरण भरलेलं, पाणी गढूळ, काठावर पाणवेली, आणि उन्हाळाभर शेडमध्ये पडून राहिलेलं इंजिन एकदम कामाला जुंपलेलं.

कोकणात बंदरावर सुटे भाग हाताशी मिळतात. नाशिकला ते बहुधा मुंबईहून मागवावे लागतात, म्हणजे दोन-चार दिवस बोट उभी. म्हणून घाईने काहीतरी उघडून बसण्यापेक्षा क्रमाने जाणं इथे जास्त महत्त्वाचं आहे.

पाणी कुठून येतं, कुठे जातं

या इंजिनाला रेडिएटर नसतो. बोटीखालचं पाणी हाच त्याचा रेडिएटर. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर, गिअरच्या घराच्या दोन्ही बाजूंना जाळीच्या फटी असतात, तिथून पाणी आत येतं. त्याच्या वर उभ्या शाफ्टवर रबरी इम्पेलरचा, म्हणजे पाकळ्यांच्या चाकाचा, पंप बसवलेला असतो. तो पाणी एका नळीतून वर ढकलतो, ते सिलिंडरभोवती फिरतं, थर्मोस्टॅटमधून (पाणी ठरावीक तापलं की उघडणाऱ्या झडपेतून) सुटतं आणि धुराबरोबर खाली निघून जातं. त्यातलाच थोडासा वाटा बाहेर धारेच्या रूपात दिसतो. विहिरीवरच्या मोटारीत जसा फुटव्हॉल्व्ह, पंप, पाइप आणि शेवटी चारीत पडणारं पाणी, तसाच हा रस्ता. चारीत पाणी कमी पडलं तर आपण मोटार उघडत नाही, आधी फुटव्हॉल्व्हला काय अडकलंय ते बघतो. इथेही खालूनच सुरुवात करायची.

धारेबद्दल एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण अर्धे गोंधळ इथेच होतात. अनेक इंजिनांत ही धार थर्मोस्टॅटच्या आधीच फुटते. म्हणजे धार जोरात असूनही थर्मोस्टॅट बंदच अडकलेला असू शकतो आणि हेड तापत राहतं. उलट, धार पूर्ण बंद असूनही इंजिन गार असू शकतं, फक्त धारेचं तोंड चोंदलेलं असतं. म्हणून धार बघायची आणि तिला हातही लावायचा. कोमट लागली तर ठीक. संथ चालीवर ती थोडी बारीक असते आणि रेस दिली की जोर धरते, हे नेहमीचं आहे.

पाण्यात असतानाच असं झालं तर

रेस कमी करून न्यूट्रलला आणा आणि धारेकडे बघा. पाच-दहा सेकंदांत ती आली नाही तर इंजिन बंद. किनारा समोर दिसतोय, तेवढं जाऊ, असा विचार करू नका. पाणी मिळत नसेल तर पिस्टन पकडायला (जॅम व्हायला) फार वेळ लागत नाही, आणि मग प्रश्न पंपातल्या नुसत्या रबराचा राहत नाही. वल्ही बोटीत असायलाच हवीत. गंगापूरच्या फुगवट्यावर दुपारनंतर वारा सुटतो, तेव्हा इंजिन बंद करण्याआधी नांगर टाका, नाहीतर बोट खडकाकडे वाहत जाते. तापलेल्या इंजिनावर बादलीने गार पाणी ओतू नका. ॲल्युमिनियम एकदम आकसतं, हेड वाकतं, गॅस्केट जातं. कव्हर काढा आणि अर्धा तास त्याला आपोआप गार होऊ द्या.

पहिली तपासणी: जाळी (खर्च शून्य)

किल-स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून खिशात ठेवा, मग इंजिन वर उचला. पंख्याजवळ हात घालण्याआधी ही दोरी काढायची, याला अपवाद नाही.

आता फटींकडे नीट बघा. नुसतं वरवर बघून काही दिसत नाही. पाणवेलीची मुळं काळपट, पिसासारखी, ओल्या केसांच्या गुंत्यासारखी असतात. पानं-देठ हाताने सहज निघतात, पण ही मुळं फटीत शिरून आतल्या बाजूला चिकटतात आणि बाहेरून जाळी मोकळीच वाटते. जुना दात घासायचा ब्रश घ्या, फटीतून आडवा-उभा फिरवा, मग वाकवलेल्या तारेने ओढून बघा. मला एकदा एका फटीतून मूठभर मुळं मिळाली होती आणि मालक शपथेवर सांगत होता की जाळी साफ आहे. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच दिसलं नव्हतं.

शहरातल्या गोदापात्रात, आनंदवलीपासून तपोवनाच्या खालपर्यंत, मुळांच्या जोडीला प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्याचं कापड आणि हार येतात. पातळ पिशवी जाळीला ओढून बसते, इंजिन बंद केलं की सुटून जाते. त्यामुळे किनाऱ्यावर काहीच सापडत नाही आणि पाण्यात पुन्हा तेच होतं. अशा वेळी इंजिन संथ चालीवर क्षणभर रिव्हर्सला टाकून बघा, पुष्कळदा पिशवी सुटते. संक्रांतीनंतरच्या दिवसांत नायलॉन मांजा तपासा. तो पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळला जातो आणि ऑइल सील कापतो. त्याचा इंजिन तापण्याशी संबंध नाही, पण पंखा काढलाच असेल तर तिथेही बघून घ्या.

जाळी तुटली असेल तर तशीच चालवू नका. ती आहे म्हणून खडे पंपात जात नाहीत.

दुसरी: इंजिनाची उंची आणि कल

पंख्याच्या वर आडवी पट्टी असते. ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. इंजिन जास्त वर बसवलं असेल किंवा खूप तिरकं उचललं असेल तर फटी पाण्याच्या वर येतात आणि पंप हवा ओढतो. मेमध्ये धरण आटतं, चालक चिखल टाळायला इंजिन अर्धं उचलून चालवतात. मग एकतर हवा किंवा गाळ, दोन्हीपैकी काहीतरी आत जातंच. माणसं पुढे बसली की मागचा भाग उठतो, हेही लक्षात ठेवा. दोन माणसांना मागे बसवून धार परत आली, एवढ्यावर काम झालेलं मी पाहिलं आहे.

तिसरी: धारेचं तोंड

हा नाशिकच्या शेडमधला हुकमी बिघाड. उन्हाळ्यात इंजिन पडून असलं की कुंभारीण माशी या बारीक भोकात माती भरते. बाहेरून बघितलं तर भोकात मातीची छोटी टिकली, अगदी बोटाने लिंपल्यासारखी गुळगुळीत. कोरून काढली की मागे किडे कोंबलेले निघतात.

ब्रश कटरची जाड नायलॉन दोरी घ्या आणि भोकात फिरवा. लोखंडी तार टाळा, आतलं प्लास्टिक फाटतं. बाहेरून हवा मारू नका, घाण आत जाईल. कव्हरखाली धारेची रबरी नळी तोंडाला जोडलेली असते, ती सोडवा आणि तोंड आतून बाहेर फुंकून साफ करा. नळी सोडवलेलीच ठेवून, इंजिन पाण्यात असताना, थोडा वेळ चालू करा. नळीतून जोरात पाणी आलं तर पंप ठीक आहे, दोष फक्त तोंडात होता. नळीतूनही पाणी नाही तर पंपाकडे जावं लागेल. पाच मिनिटांची ही चाचणी तुमचं खालचं घर (पंप आणि गिअरचा भाग) उघडायचं काम वाचवू शकते.

चौथी: थर्मोस्टॅट (धार आहे, पण इंजिन गरम)

हेडवर किंवा ब्लॉकच्या वरच्या बाजूला छोट्या झाकणाखाली थर्मोस्टॅट असतो. दोन ते चार बोल्ट. इथे घाई करणाऱ्यांचे बोल्ट तुटतात, कारण स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये गंजून धरलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके द्या, मग पाना लावा. सुटत नसेल तर जोर लावू नका, शेवटच्या भागात लिहिलंय तिथे जा.

थर्मोस्टॅट बाहेर आला की आधी डोळ्यांनी बघा. गाळाचा एक खडा सुद्धा त्याला उघडा किंवा बंद अडकवून ठेवतो. मग पातेल्यात पाणी घ्या, तो दोऱ्याने टांगून सोडा, तळाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवा. आउटबोर्डचा थर्मोस्टॅट बहुतेक मॉडेलांत साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडायला लागतो, नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. पाणी उकळायला आलं तरी तो हलला नाही तर फेकून द्या. थंड पाण्यात टाकल्यावर पूर्ण बंद होत नसेल तरी फेकून द्या.

आकार जमतो म्हणून गाडीचा थर्मोस्टॅट बसवण्याचा उद्योग करू नका. गाडीचा सहसा ८० अंशांच्या पुढे उघडतो, तोवर आउटबोर्ड धोक्यात गेलेलं असतं. थर्मोस्टॅट काढून तसंच चालवणं एका फेरीपुरतं, घरी येण्यासाठी चालेल. कायमचं नाही. इंजिन गारच राहिलं तर प्लग काळे होतात आणि फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं.

झाकणाचं गॅस्केट नवीनच लावा.

पाचवी: इम्पेलर

धार नाही, नळीतही पाणी नाही, जाळी साफ. मग बहुतेक वेळा इम्पेलरच.

हा सहा-आठ पाकळ्यांचा रबरी तुकडा. तो स्टीलच्या वाटीत दाबून बसलेला असतो आणि पाणी हेच त्याचं वंगण. पाण्याशिवाय चालवलं की काही सेकंदांत रबर स्टीलवर घासून भाजतं. इथे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे: कोरड्यावर इंजिन सुरू करू नका. आवाज ऐकायला नाही, गिऱ्हाइकाला दाखवायला नाही, एकदाच बघू म्हणूनही नाही. एका मासेमाराच्या पोराने इंजिन पाण्यात नेण्याआधी अंगणात चालू करून बघितलं, मोजून दोन मिनिटं. घर उघडलं तेव्हा जळलेल्या टायरचा वास आला आणि आठ पाकळ्यांपैकी तीनच शिल्लक होत्या, त्याही वाटीला चिकटलेल्या. हंगामाच्या तोंडावर त्यांचे पाच दिवस गेले.

पडून राहिलेल्या इंजिनात दुसरा प्रकार होतो. पाकळ्या महिनोन्‌महिने एकाच बाजूला वाकून राहतात आणि तशाच वाळतात, वाळत घातलेल्या कैरीच्या फोडीसारख्या. इम्पेलर अख्खा दिसतो, पण ओढ धरत नाही. पाकळी बोटाने सरळ केली आणि ती उसळून परत आली नाही तर तो गेला. दरवर्षी किंवा शंभरेक तासांनी उघडून बघावा, आणि गाळाच्या पाण्यात काम असेल तर दरवर्षी बदलावाच.

खालचं घर उतरवायला पाच-सहा बोल्ट असतात. त्यातला एक अनेक इंजिनांत पंख्यावरच्या छोट्या पंखाखाली लपलेला असतो. तो सापडला नाही म्हणून लोक पट्टी घालून घर उचकटतात आणि कड फोडतात. गिअरची दांडी कुठे सुटते ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात बघा, आणि सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

इम्पेलर काढला की पाकळ्या मोजा. एखादा तुकडा कमी असेल तर तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो वर नळीत किंवा ब्लॉकच्या तोंडात बसलेला असतो. नवा इम्पेलर टाकूनही पुन्हा इंजिन तापलं, अशी जी इंजिनं माझ्याकडे येतात, त्यांत हा तुकडा पुष्कळदा निघतो. नळीत वरून हवा मारा, म्हणजे तो खाली पडेल.

वाटी आणि तिच्याखालची पट्टी नखाने तपासा. नखाला चर लागली तर तीही बदला. गोदावरीचा पुराचा गाळ पॉलिश पेपरचं काम करतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात रामकुंडाकडे चाललेल्या एका बोटीचा पंप मी नंतर उघडला होता. इम्पेलर नवा होता, पण वाटीत रेकॉर्डच्या तबकडीसारख्या रेघा पडल्या होत्या. नुसता इम्पेलर न घेता पूर्ण किट घ्या.

शाफ्टवरची छोटी चावी जागेवर हवी. ती पडली तर शाफ्ट फिरतो आणि इम्पेलर जागच्या जागी. इम्पेलरचं रबर आतल्या पितळी बुशपासून सुटलं तरी हेच होतं. बसवताना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरिन लावा, पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवतं. वाटी खाली दाबताना शाफ्ट त्याच्या चालीच्या दिशेनेच फिरवा, बहुतेक इंजिनांत वरून पाहताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वाकतील. जुना इम्पेलर उलटा करून पुन्हा बसवू नका, वाकलेल्या पाकळ्या मुळातून तुटतात.

घर परत वर चढवताना पाण्याची नळी पंपाच्या रबरी बुशात नीट शिरली पाहिजे. ती बाहेर राहिली तर पंप नवा, बोल्ट घट्ट, आणि पाणी मात्र घरातच सांडतं. एकट्याने दिसत नाही, दुसऱ्या माणसाला टॉर्च धरायला सांगा.

चाचणी दोनशे लिटरच्या ड्रममध्ये. पाणी आडव्या पट्टीच्या वर वीतभर. गिअर न्यूट्रलला, पंखा काढलेला असेल तर उत्तम. शेड बंद असेल तर ड्रम बाहेर ओढा, धुराने माणूस गुदमरतो. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका, कारण धुरामुळे ड्रमातलं पाणी तापतं, त्यात बुडबुडे भरतात, आणि मग चांगला पंपही वाईट वाटतो.

सहावी: आत साचलेला गाळ

पंप नवा, थर्मोस्टॅट नवा, तरी एका बाजूचं सिलिंडर जास्त तापतंय. हेडच्या वेगवेगळ्या जागी तापमान मोजणारी गन धरली तर फरक दिसतो. म्हणजे पाण्याच्या वाटा गाळाने किंवा क्षाराने अरुंद झाल्यात. थर्मोस्टॅट काढून वरून नळाचं पाणी सोडा, खालून लाल-तपकिरी गढूळ येईल. स्वच्छ येईपर्यंत सोडत राहा. क्षार असतील तर पांढरं व्हिनेगर आत भरून काही तास ठेवता येतं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. संडास साफ करायचं ॲसिड कधीही वापरू नका. ते क्षाराच्या आधी ॲल्युमिनियम खातं.

कधी कधी पाण्याचा दोषच नसतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल कमी पडलं किंवा कार्बोरेटर चोंदून पेट्रोल कमी आलं तरी इंजिन तापतं. आणि इंजिन हाताला गार असूनही बजर वाजत असेल तर सेन्सरची वायर कुठे घासून बॉडीला लागली आहे का ते बघा. काही इंजिनांत ऑइल कमी झाल्यावरही तोच बजर वाजतो.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

बोल्ट तुटला, किंवा पाना फिरतोय पण बोल्ट फिरत नाही. फोर-स्ट्रोकचं ऑइल दुधाळ, ताकासारखं झालंय. एखादा प्लग बाकीच्यांपेक्षा पांढरा स्वच्छ निघाला, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. दोरी ओढताना मध्येच अडते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजल्यावर एक सिलिंडर बाकीच्यांच्या खूप खाली. गिअर ऑइलमध्ये धातूचे कण. ही हेड गॅस्केटची किंवा त्याहून आतली कामं आहेत. टॉर्क पाना, सपाटी बघायची पट्टी आणि अनुभव हवा. हेड उघडून पुन्हा अंदाजाने कसणं म्हणजे दुसऱ्यांदा खर्च.

जाळी, तोंड, थर्मोस्टॅट आणि इम्पेलर हे चारही करून इंजिन तरीही तापत असेल तरी थांबा. आणि ज्या बोटीत लोक बसतात किंवा जी पुरात माणसं काढायला जाते, तिचं इंजिन एकदा जोरात तापलं असेल तर दिसायला ठीक झालं तरी मेकॅनिकच्या तपासणीशिवाय तिला पाण्यात नेऊ नका. पुराच्या धारेत बंद पडलेली बोट सुटकेची बोट राहत नाही, तिच्यातल्या माणसांनाच सोडवावं लागतं. वॉरंटीतलं इंजिन असेल तर इम्पेलरलाही स्वतः हात लावण्याआधी विक्रेत्याला विचारा.

मेकॅनिकला फोन करताना एवढं सांगा: धार होती का, ती कोमट होती की कढत, संथ चालीवर तापलं की पूर्ण रेसवर, किती वेळाने बजर वाजला, शेवटचा इम्पेलर कधी बदलला, आणि बोट त्याआधी कोणत्या पाण्यात चालली. धरणाच्या स्वच्छ पाण्यात की गोदापात्रातल्या पाणवेलीत, यावरून तो अर्धं निदान फोनवरच करेल. आणि काढलेला जुना इम्पेलर फेकू नका, पिशवीत घालून त्याला दाखवायला ठेवा.